सोमवारचं भस्म

पेडगावच्या शिवारात अण्णारावांनी दारूचा कारखाना काढला तेव्हा गावाने आधी नाकं मुरडली आणि मग कामाला किती बाया घेणार याची चौकशी केली. अण्णाराव मूळचे मानवतचे कापूसवाले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात विडीचंसुद्धा व्यसन नाही. पण त्यांची सून शिवानी नाशिककडून वाईन करायचं शिकून आली होती, आणि तिचं म्हणणं असं की ही दारू नव्हेच. ही वाईन. तीही सेंद्रिय, तीही न्याय्य व्यापाराची, आणि टिकावी म्हणून तीत चिमूटभरसुद्धा काही घातलेलं नाही. बाटलीवर तसं छापलेलंच होतं: यात द्राक्षांशिवाय काही नाही.

न्याय्य व्यापार म्हणजे काय, हे समजायला गावाला जरा वेळ लागला. परदेशातलं गिऱ्हाईक बाटलीमागे थोडे जास्त पैसे देतं, त्या पैशांचं काय करायचं ते कामगारांच्या समितीने ठरवायचं, आणि कारखान्यात कुणाची जात काढायची नाही, अशा त्याच्या अटी. त्या अटींची पाटी दारावर लावली होती. पाट्या लावायला आमच्याकडे कधीच कुणाची हरकत नसते.

आता काही न घालता वाईन टिकवायची म्हणजे भर उन्हाळ्यात उघड्यावर दूध राखण्यातला प्रकार. बाकीचे कारखानदार गंधकाची पावडर टाकतात आणि निवांत झोपतात. इथे ती सोय नाही. टाकी स्वच्छ पाहिजे, नळी स्वच्छ पाहिजे आणि सगळ्यात आधी माणसाचा हात स्वच्छ पाहिजे. पहिल्या हंगामात टाक्यांवर बन्सीधर होता. तो अण्णारावांच्या नात्यातला, तंबाखू मळून तोच हात पँटला पुसणारा. शिवानीने त्याला तिथून हाकललं आणि बागेत द्राक्षं तोडणाऱ्या कुसुमबाईला आत घेतलं. घरात त्यावरून बरीच हुज्जत झाली म्हणतात. शिवानी हटली नाही. मी तिचं तेव्हा कौतुक केलं होतं, ते आता परत घेतो.

कुसुमबाई बौद्धवाड्यातली, पन्नाशीला आलेली. टाक्यांच्या खोलीत शिरायच्या आधी ती दाराजवळच्या खिळ्याला हातातल्या बांगड्या काढून अडकवायची, कारण बांगडीच्या खाली मळ राहतो असं शिवानीने शिकवलं होतं. मग पायाने दाबायच्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासायची, नखं ब्रशने साफ करायची. नवरा जिता असताना बाई उघड्या हातांनी हिंडते म्हणून वाड्यातल्या बाया तिला चिडवायच्या, आणि नवरा आश्रुबा म्हणायचा, मला सांगा तरी मी कधी मेलो ते. तीही हसायची.

पण या हातांचा तिला खरोखर अभिमान होता, आणि त्याला कारण होतं. तिची आई वालूरला एका मोठ्या घरी जन्मभर अंगण सारवायची. त्या घराला तिचा हात चालत होता तो फक्त शेणात. पाणी मात्र तिला ओंजळीत वरून ओतूनच मिळालं. आणि तिची लेक आता असल्या वस्तूत हात घालत होती जी साता समुद्रापलीकडची माणसं पितात. कुसुमबाईने हे विहारात पौर्णिमेला सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं. स्वतः ती वाईनचा थेंब जिभेला लावत नसे, पंचशील घेतलेली बाई. मालकाच्या घरातही कुणी पीत नसे. चव घ्यायची ती एकट्या शिवानीने, आणि लगेच थुंकून टाकायची. सगळ्या पेडगावात ती वाईन पिणारं माणूस नव्हतं.

कुसुमबाई आत आली आणि पुढच्याच सोमवारी मालकीण नीलम्मा, शिवानीच्या सासूबाई, टाक्यांच्या खोलीत आल्या. पूजा आटपून आलेल्या, हातात भस्माचा पितळी डबा. झाकण उघड गं कुसुम, म्हणाल्या, माझ्या मनाचं समाधान. कुसुमबाईला वाटलं, म्हातारीला घरात दारू होतेय ते लागतंय, म्हणून देवाचं काहीतरी टाकतेय बिचारी. आणि भस्म म्हणजे शेवटी राख. राखेने आपण भांडी घासतो, राखेत धान्य ठेवतो, राखेइतकी स्वच्छ वस्तू कोणती? तिने झाकण उचलून धरलं. नीलम्मांनी काहीतरी पुटपुटत मूठभर भस्म आत सोडलं, मग दुसऱ्या टाकीत, मग तिसऱ्या. जाताना सांगून गेल्या की शिवानीला बोलू नको, ती शिकलेली, ती हसेल. कुसुमबाईने कबूल केलं. त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही.

ऐन पावसाळ्यात शिवानीने बाटल्या भरायच्या म्हणून चव घेतली. थुंकली. पाणी पिऊन परत घेतली. घोट थुंकून टाकला तरी मागून तोंडात उंदराच्या बिळासारखा वास चढत होता. तिन्ही टाक्यांत तेच. नमुने पुण्याला धाडले. तिकडून फोन आला की वाईनमधला आंबटपणा मारला गेलाय, त्यामुळे ती कुजलीय, आणि आंबटपणा आपोआप मरत नाही, आत कुठूनतरी खडू मिसळलाय. बाजारातलं भस्म बहुतेक खडूच असतं, हे शिवानीला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तिला सुचलं नाही. तिने कुसुमबाईला विचारलं, आत काही पडलं होतं का.

कुसुमबाईने शब्द दिला होता, पण एवढा माल गेलेला बघून तिच्याने राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. झाकण आपण धरत होतो, तेही सांगितलं. शिवानी रिकाम्या क्रेटवर बसली. कुसुमबाईला हलकं वाटलं. खरं सांगितलं की ताई बघून घेईल, असं तिला वाटत होतं. ताईने तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं, तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती.

ताईने बघून घेतलं. घरात चार भिंतींच्या आत बोलणं झालं ते असं. टाकीत भस्म पडलं हे शिक्का देणाऱ्या संस्थेकडून तपासणीला येणाऱ्या बाईंना कळलं, तर बाटलीवर छापलेलं खोटं ठरतं, सेंद्रियचा शिक्का जातो आणि कारखान्याला कुलूप लागतं. तेच एका कामगाराने हात नीट धुतले नव्हते असं म्हटलं, तर ती चूक साधी. माल ओतून द्यायचा, ते माणूस बदलायचं, शिक्का शाबूत. आणि सासूला तोंडावर विचारायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. शिवानीचा नवरा शंभुराज म्हणाला, आईचं नाव निघालं तर घर फुटंल, बाईचं निघालं तर बाई जाईल. शिवानी त्यावर रडली, असं ऐकलं. रडली असेल. रडून तिने तेच केलं.

ती स्वतः कुसुमबाईच्या घरी गेली. खाली सतरंजीवर बसली, चहा प्याली, आणि समजावून सांगितलं. समितीची बैठक होईल, तपासणीच्या बाई येतील, हात धुण्यात कसूर झाली असं मी सांगेन, समितीने हो म्हणायचं. तुम्हाला बागेत काम राहील. टाक्यांवर तुमच्या सुनेला, मनीषाला घेऊ. नाहीतर कारखाना बंद होईल, आणि सगळ्या बाया घरी बसतील.

"तुमच्याच हातात आहे सगळं, कुसुमबाई," ती म्हणाली.

कुसुमबाईने बागेत जायला एका शब्दाने ना म्हटलं नाही. कामच सोडते, म्हणाली, खबर पण न्हाई लागू देत कुनाला. भस्माचं नाव मरेपर्यंत काढत नाही. तिची मागणी एवढीच होती.

"ताई, चोरी केली म्हना. कुसुम चोरटी हाय, बाटल्या इकल्या म्हना, मी मान खाली घालते. पन महे हात घान व्हते असं म्हनू नगा. तेवढं एक म्हनू नगा."

शिवानीने तिचा हात हातात घेतला. आणि शांतपणे सांगितलं की चोरीने वाईन कुजत नाही.

बैठक समितीच्या खोलीत झाली. भिंतीवर बाबासाहेब आणि बसवेश्वर शेजारी शेजारी, दोघांना ताजे हार. पुण्याहून आलेल्या तपासणीच्या बाई चांगल्या होत्या, सगळ्यांना बसायला खुर्च्या मिळाल्या का ते त्यांनी आधी बघितलं. शिवानीने ठरल्याप्रमाणे सांगितलं. तीन टाक्या वाया गेल्या, हस्तस्वच्छतेत कसूर, संबंधित कामगाराला बागेत हलवायचं, समितीची संमती हवी. कुणाचंही नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती, टाक्यांवर एकच बाई होती आणि ती समितीची अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीवर बसली होती.

बाईंनी विचारलं, संमती असेल त्यांनी हात वर करावा.

कुसुमबाई रोज साबणाचा वास अंगावर घेऊन घरी जाते, हे खोलीतल्या सगळ्या बायांना माहीत होतं. नळावर तिचा उशीर होतो म्हणून त्या तिच्यावर वैतागायच्या. पण कारखान्याला कुलूप लागेल ही कुजबुज आधीच प्रत्येक घरी पोचवलेली होती. बन्सीधरचा हात पहिल्यांदा वर गेला. तो आता गाडी भरायच्या कामाला होता, आणि त्याने हात वर करायच्या आधी सवयीने तो पँटला पुसला. मग एकेक करून बाकीचे गेले. शेवटी मनीषा राहिली. तिने सासूकडे पाहिलं. कुसुमबाईनेच तिला घरून निघताना सांगून ठेवलं होतं, मह्याकडं बघू नगं, पोरी, हात वर कर. तरीही मनीषाचा हात वर गेला तेव्हा कुसुमबाईला तो लागला, बाकीच्यांपेक्षा जास्त लागला.

तपासणीच्या बाई म्हणाल्या, अध्यक्षांना काही बोलायचंय का?

"महे हात स्वच्छ व्हते," कुसुमबाई म्हणाली.

बाईंनी तिला अगदी मायेने समजावलं. डोळ्यांना स्वच्छ दिसणं वेगळं, न दिसणारे जंतू वेगळे, यात तुमचा अपमान नाही, कुणाचीही सवय एकदम बदलत नसते. कामगारांना हात धुण्याचं प्रशिक्षण द्यावं, अशी सूचना त्यांनी केली. इतकी मोकळी चर्चा फार कमी ठिकाणी बघायला मिळते, असंही म्हणाल्या. मग सगळ्यांचा फोटो काढला आणि गाडीत बसून निघून गेल्या.

कुसुमबाई दाराजवळच्या खिळ्यावरून बांगड्या घ्यायला गेली. तिथे नीलम्मा उभ्या होत्या, हातात पितळी डबा. दिवस सोमवारचा होता. टाक्या कशाने गेल्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि पुढेही कधी सांगणार नव्हतं. बैठकीत ठरलं ते मात्र त्यांच्या कानावर आलं होतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. उलट पोरीची समजूत काढावी तशा बोलत होत्या.

"मनाला लावून घेऊ नको गं, कुसुम. तुझ्या हातात काय हाय? ते जन्माचंच ऱ्हातंय. म्हनून तर मी भस्म टाकत व्हते."

कुसुमबाईला आधी अर्थच लागला नाही. ते दारूसाठी ना आक्का, तिने विचारलं, घरात दारू होतेय म्हणून ना?

"दारूला कशाला? बन्सीधर व्हता तवा टाकलं का मी कधी?" नीलम्मा म्हणाल्या. "तू आत आलीस तवापासून टाकायला लागले. तुझा हात लागलेलं बाहेर जायचं, आमच्या घराच्या नावानं. लय जपलं गं मी, तरी नासलंच."

"झाकन मी धरत व्हते, आक्का."

"धरत व्हतीस की. लय इमानानं धरलंस, न्हाई म्हनत न्हाई मी."

आतून नळाचा आवाज येत होता. मनीषा कोपरापर्यंत हात घासत होती, सासूने शिकवलं होतं तसे, आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगट. तिच्या बांगड्या दुसऱ्या खिळ्याला अडकवलेल्या होत्या. नीलम्मांनी डबा उघडला आणि भस्मात तीन बोटं बुडवली. शिवानीला कुठनंतरी कळलंय, त्या म्हणाल्या, का ते सांगत नाही, पण आता आत टाकू नका, टाकीला बाहेरूनच लावा म्हणते, तेवढ्यानं भागतंय. मग त्यांनी आत वाकून मनीषाला हाक मारली, आणि हात धुऊन झाले की भस्म लावायला टाकी जरा पुसून ठेव म्हणून सांगितलं.

कुसुमबाई बांगड्या हातात धरून उभी राहिली. मनीषा सासूकडे बघून ओशाळं हसली आणि फडकं घेऊन टाकी पुसायला लागली.