माझी मान आणि अजार्नची माळ

मी एक काचेची नळी बोलतेय. पेन्सिलीहून बारीक, वीतभर लांब. थायलंडमधल्या च्यांग माईच्या या प्रयोगशाळेत माझ्या पोटात क्लोरोफॉर्म भरलं, आतली हवा खेचून काढली आणि ज्योतीवर धरून माझं तोंड कायमचं बंद केलं. हवा शिरली की आतले अणू लवकर विसरतात, आणि माझं सगळं काम त्यांच्या आठवणीवर चालतं.

एक कार्बन, एक हायड्रोजन. त्यांची केंद्रकं म्हणजे इवलाले चुंबकच. मला मोठ्या चुंबकाच्या पोटात सोडायचं, रेडिओलहरींचे टोले द्यायचे आणि या दोघांकडून क्वांटमचं गणित सोडवून घ्यायचं. पडद्यावर शिखर वर उठलं तर एक उत्तर, खाली गेलं तर दुसरं. पाहुणे तोंडात बोटं घालायचे आणि लगेच विचारायचे, "पण याचा उपयोग काय?"

त्या दिवशी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मोठा चुंबक म्हातारा झाला होता, संध्याकाळी त्याला कायमचा बंद करणार होते. इथली विद्यार्थिनी फुंग हिचं एकच मापन राहिलं होतं आणि तिची पदवी त्यावर अडली होती. पडद्यावर शिखराच्या जागी नुसता चिखल दिसत होता.

"ट्यूबच खराब झालीय," अजार्न थावत म्हणाले. अजार्न म्हणजे इथले सर. इतके कडक, की दारातच प्रत्येकाच्या किल्ल्या आणि पट्टे काढून घेत. जवळ लोखंड आलं की चुंबकाचं बिनसतं ना! "मोड तिची मान. ताजं क्लोरोफॉर्म भर."

"अजार्न, हवा शिरली तर आतल्या अणूंना धड काही आठवणार नाही," फुंग म्हणाली.

"मग काय, हा चिखल जोडणार आहेस प्रबंधाला?"

फुंगने कानस उचलली. माझ्या मानेवर चरा उमटला. अगं, मी धडधाकट आहे, असं मला ओरडायचं होतं. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात ती थांबली. "मोगऱ्याचा वास कुठून येतोय?"

ती चुंबकाखाली वाकली. त्याच्या पायाला माळ बांधलेली होती. माळेची टाचणी निसटून वर ओढली गेली होती आणि चुंबकाच्या बुडाला घट्ट चिकटली होती.

"ही कुणी बांधली?"

अजार्नचे कान लाल झाले. "मी. इतकी वर्षं याने सांभाळलं गं मला. हात न जोडता निरोप कसा देऊ?"

"आणि आमचे पट्टे काढून घेता! आमच्यातला बिचारा नोक पँट धरून उभा असतो दिवसभर!"

टाचणी काढली, चुंबक पुन्हा जुळवला, मला आत सोडलं. शिखर उठलं. एकच, स्वच्छ, वर. फुंग रडायला लागली. अजार्न खिडकीबाहेर बघत राहिले.

आता तो चुंबक म्हणजे नुसतं पिंप आहे. जवळ लोखंड नेलं तरी त्याला फरक पडत नाही. तरी परवा अजार्न आले, दारात किल्ल्या आणि पट्टा काढून ठेवला आणि नवी माळ बांधली, सुती दोऱ्याने.

मी खणात पडून आहे. मानेवर चरा आहे, पण आत हवा शिरलेली नाही. कुणाकडे जिवंत चुंबक असेल तर मला घेऊन जा. फक्त दारात सगळ्यांचे खिसे तपासा. आधी सरांचे.