काच गेली, हात ऱ्हायला

तक्रार खरी होती, ते आधीच सांगते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लूम कामगाराच्या हिरडीत माझ्या कडक भाकरीतली काच घुसली. माझ्याकडं भाकरी थापणाऱ्या मल्लव्वाच्या बांगडीचा टवका. चूक झाली की, झाकायची कशाला?

म्हणून अन्न खात्याचे साहेब आले. आमचा कारखाना म्हंजे पत्र्याचं शेड, चार चुली अन् नऊ बाया. साहेबांनी कागद वाचला. भाकरी थापताना बांगड्या न्हाईत, हातात प्लास्टिकचे हातमोजे. न्हायतर लायसन बंद.

"रंभाबाई, मालकीण तुम्ही. बायांना आत्ताच सांगा."

मल्लव्वानं हात पदराखाली घेतले. "अक्का, नवरा जित्ता असताना हात मोकळे करू? लोकं तोंडात शेण घालतील. त्यापरीस मी घरी बसते."

बाकीच्याबी उठाय लागल्या. माझं टाळकंच फिरलं.

"बस खाली! माझा नवरा गेला तवा जावांनी हात धरून माझ्या बांगड्या फोडल्या. पंधरा दिसात मी बाजारात जाऊन नव्या भरल्या. सासर बोललं, गाव बोललं, दहा वर्सं एक उतरवली न्हाय. आता बघ." मी एकेक करून सगळ्या काढल्या. उघडे हात सगळ्यांपुढं धरले. "तवा दुसऱ्यांनी फोडल्या. आज माझ्या मी काढल्या, खाणाऱ्याच्या तोंडात काच जाऊ नये म्हणून. सांजंला परत भरीन, बघू कोण काय बोलतंय."

मल्लव्वा रडली, कन्नडात मला चार शिव्या हासडल्या, अन् काढल्या.

साहेब खूश. हातमोज्यांचं पाकीट पुढं केलं.

"हे न्हाय जमायचं, साहेब."

"नियम आहे, बाई."

"मग बसा हितं. घाला मोजे अन् एक भाकरी थापून दावा."

माणूस भला, बसला की! पीठ मोज्याला चिकटलं, भाकरी मधोमध फाटली. तव्यावर टाकताना बोटाचं प्लास्टिक वितळलं, शेडभर वास सुटला.

"काच नको म्हणून हे खाऊ घालू?"

साहेब बोट चोळत म्हणाले, "मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मलाबी द्यावं लागतं, खाणाऱ्याला. लिहा. कोपरापातुर हात धुवू, नखं कापू, बांगड्या काढू. हातमोजे घालणार न्हाय. काय करायचं ते करा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. मल्लव्वा उठली अन् माझ्या हातातला पेन ओढून घेतला.

"तुमची सही लागत नाही," साहेब म्हणाले.

"मला लागती," ती म्हणाली. "बांगड्या मीबी काढल्यात. उद्या कामावर यायचंय मला."