आग्रहानं दमलेला मेनफ्रेम

मला पाहिलंत तर काळं लोखंडी कपाट समजाल आणि दार उघडून कपडे शोधाल! पण मित्रांनो, मी एक जुना मेनफ्रेम आहे, म्हणजे खूप मोठा संगणक. मुंबईच्या एका कचेरीत मी बरीच वर्षं राबलो. तिथे नवा आला, तशी माझी रवानगी जळगावात मेहरूणच्या या खोलीत झाली. माझ्या पोटात पुष्कळ लिनक्स सर्व्हर, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणारे जणू छोटे संगणकच, एकत्र नांदतात. एक दवाखान्यांचं काम पाहतो, एक शाळांचं, एक केळीच्या गाड्यांचं. गाडीचं वजन झालं की हा परवानगी धाडतो, मगच सावद्याच्या वजनकाट्याचं फाटक उघडतं.

मला सांभाळतात कुंदनभाऊ. माणूस भला, पण हात फार सढळ. एखादा सर्व्हर रेंगाळला की म्हणायचे, "घे बाबा, आणखी मेमरी घे, उपाशी राहू नको." मग शेजारच्यालाही वाढायचे. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं. मग मात्र कोडं पडलं. जितकं वाढावं तितके सगळे आणखीच हळू का होतात? माझ्याच पोटातलं मला कळेना!

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पार अडकलो. फाटकाशी गाड्यांची रांग लागली. एरंडोलकडचे केळीवाले शेतकरी झुलालआबा, त्यांचा फोन आला, "भाऊ, केळी गाडीमा शे, अन गाडी उनमा शे. पिकी गयी ते कोन लेई?"

कुंदनभाऊंचा चेहरा उतरला. "बस झालं," ते म्हणाले, "आज हा सुधारला नाही तर उद्या भंगारात." त्यांनी भंगारवाल्याला फोनसुद्धा केला. खरं सांगतो, मी घाबरलो.

नुकतीच कामाला लागलेली इंजिनिअर नाजमीन म्हणाली, "भाऊ, थांबा. आधी बघू तरी, हा करतोय काय." तिनं पडद्यावर माझे आकडे उघडले आणि पुढे सरकून बसली. "अरेच्चा! प्रोसेसर नुसता बसून आहे, आणि डिस्कची केवढी धावपळ चाललीय!"

लिनक्सची एक सवय असते. दिलेली मेमरी तो रिकामी ठेवत नाही. एकदा उघडलेल्या फायली लागतील कधीतरी म्हणून जवळच ठेवतो. सगळ्यांनीच असं केलं, आणि माझ्याकडची सगळी मेमरी संपली. मग एकाचं सामान डिस्कवर, म्हणजे माझ्या संथ कोठारात, टाकायचं, दुसऱ्याचं आत आणायचं, हीच माझी दिवसभराची हमाली. खरं काम करणार कधी?

"मी सगळ्यांची मेमरी कमी करते," नाजमीन म्हणाली.

"अगं, आधीच हळू चालतोय, आणि तू त्याच्या ताटातलं काढतेस? बिघडलं तर? आबांची केळी?"

"म्हणून आधी शाळांचा सर्व्हर घेते. सुट्टी लागलीय, त्याला काम नाही, आणि सगळ्यात जास्त मेमरी त्याच्याकडेच आहे."

तिनं तो बंद केला आणि थोड्या मेमरीवर पुन्हा चालू केला. डिस्कची धावपळ जराशी थांबली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग एकेक करत शेवटी केळीचा सर्व्हर आला. तो बंद होताच कुंदनभाऊंनी खुर्ची घट्ट धरली. तो उठला, आणि अडकलेल्या परवानग्या भराभर सुटल्या.

फोन वाजला. "भाऊ, फाटक उघडनं! केळी हिरवीच शे!" आबा ओरडत होते.

कुंदनभाऊंनी भंगारवाल्याला 'येऊ नको' म्हणून कळवलं. मग माझ्या दारावर हात ठेवून म्हणाले, "बाबा रे, तुला बोलता आलं असतं तर!"

अहो भाऊ, मी रोज बोलत होतो! सगळे आकडे पडद्यावर दाखवत होतो. उघडून पाहिले ते एकट्या नाजमीननं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातला पंखा कुरकुरला, सायकल अडखळली, तर लगेच तेल ओतू नका आणि फेकूही नका. जरा वाकून पाहा. कुठे दुखतंय, ते आम्ही सांगतच असतो.