एकट्यानं परत आलेला थैला

मी थैला बोलतोय. ताडपत्रीचा, कुबट वासाचा, एक बंद तुटलेला. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

धुळ्यात पांझरेकाठी एका शिंप्यानं मला शिवलं. शिंदखेड्याच्या बेबाबाईनं मोठ्या लेकासाठी, भूपेंद्रसाठी, मला घेतलं. तो मुंबईहून दुबईला निघालेला. विमानतळाच्या दारात तिनं माझा बंद धरला तो सोडेचना. शिपाई ओरडला तेव्हा सोडला.

दोन वर्षांनी मी परत आलो. भूपेंद्र नाही आला. खजूर नि अत्तर भरून त्यानं मला गावाकडच्या एकाच्या हाती धाडलं. "मायला सांग, पुढच्या साली येतो," म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. ते साल अजून उगवायचंय. मी खाटेखाली गोधड्या पोटात घेऊन पडलो. उंदरांशिवाय कुणी विचारलं नाही.

आता नात भाविका नर्स होऊन जर्मनीला निघाली. धाकट्या हितेंद्रची पोर. तिची चाकांची बॅग भरली, पापड-शेवया उरल्या, म्हणून मला ओढलं बाहेर. प्रेमाबिमानं नाही.

आणि घरात भांडण पेटलं. मुंबईला आता विमानतळ दोन!

"जुन्यावरून थेट विमान आहे, माय," हितेंद्र म्हणाला. "नव्यावरून गेलं तर पोरीला दिल्लीत एकटीनं विमान बदलावं लागेल."

"जुना नको! तठून मना पोरगा गया, तो परत उना नही."

देवपूरचा तिकीटवाला रोनकशेठ फोनवर हसला. "अक्का, विमान दोन्हीकडून वरच जातं."

"तू तिकीट ईक. अक्कल नको ईकू."

मला राहवेना. अगं, दारानं काय केलं? पोरगा तिकडे रमला! पण थैल्याला जीभ कुठली. नुसता धुमसलो.

भाविकानं सगळ्यांचं ऐकलं आणि नव्याचंच तिकीट काढलं. पण दिल्लीत एकटीनं विमान बदलायची धास्ती होतीच. रात्रंदिवस ती माझी चेन उघडायची, लावायची.

क्रुझरमध्ये अकरा माणसं पोचवायला. नाशिकपासून हितेंद्र कुरकुरतोय, "केवढा वळसा!" मी बेबाबाईच्या मांडीवर.

नव्या दाराशी तिनं पुन्हा माझा बंद धरला.

"आजी, आता तरी भीती गेली ना?" भाविका म्हणाली.

"भीती कसानी, बेटा? दार बठ्ठा सारखाच शेतस. मीच त्या दारशी परत उभी ऱ्हाऊ शकत नव्हती." मग तिनं बंद सोडला. या खेपेला कुणी ओरडलं नव्हतं.

म्हणजे दारं सगळी सारखीच, हे म्हातारीला ठाऊकच होतं. मीच मूर्ख, तिला शिकवायला निघालो होतो.

आता मी भाविकाच्या खांद्यावर आहे. पोरी, पापड खा, शेवया खा. मला फाड, पायपुसणं कर, माझं काही म्हणणं नाही. पण खजूर भरून मला एकट्याला परत धाडू नकोस. तुझ्या खांद्यावरचा हा बंद धरायला बाहेर कुणीतरी उभं असेल.