दोन शेपट्यांची अळी

“सावकाश ओढा, किडेमास्तर! हिसक्यानं निम्मे किडे पळतात, हे अजून मीच सांगायचं का?”

बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी होडीत पाय ठेवला की पुन्हा साहेब. आज माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून गुडघे कुरकुरत असतानाही त्या मुद्दाम आल्या होत्या. मी निमूटपणे दोर हळू ओढू लागलो.

एवढ्या खोल नदीत उतरून तळाचे दगड कोण उलटणार? म्हणून आम्ही दगड भरलेल्या तारेच्या टोपल्या पाण्यात टांगून ठेवायचो. सहा आठवड्यांत किडे त्यांत बिऱ्हाड थाटायचे. मग टोपली वर काढायची, एकेक दगड ब्रशनं पांढऱ्या ट्रेमध्ये घासायचा आणि कोण कोण राहायला आलंय ते मोजायचं. नुसते लाल किडे आणि जळवा निघाल्या, तर नदी आजारी. दोन शेपट्यांची अळी निघाली, तर पाणी चांगलं. तिला घाण अजिबात सोसत नाही. बायको म्हणायची, “लोकांचे नवरे ऑफिसात माशा मारतात, आमचे मोजतात!”

पंधरा वर्षांपूर्वी शहराच्या खालच्या अंगाला, याच जागी, मला तशी एक अळी मिळाली. नदी सुधारतेय म्हणून सगळ्या ऑफिसानं माझी पाठ थोपटली. लेकीनं शाळेत माझ्यावर निबंध लिहिला. काय दिवस होते ते! आणि चौथ्या दिवशी ब्रश धुताना मला एकदम आठवलं. अळी मिळाली त्या दिवशी मी वरच्या स्वच्छ पाण्यातलं काम उरकून इथं आलो होतो आणि मधे ब्रश धुवायचा राहून गेला होता. अळी ब्रशच्या केसांत बसून आली होती.

आज टोपली होडीच्या काठावर टेकवली आणि सांगून टाकलं. “बाई, ती अळी इथली नव्हती. ब्रश धुतला नव्हता मी.”

“माहितीये मला. अर्धी सुकली होती ती. पाण्यातून नुकती काढलेली अळी अशी असते का?”

“मग अहवालात?”

“घेतलीच नाही.”

इतक्या वर्षांत मी तो अहवाल कधी उघडलाच नव्हता.

“मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही फोनवर लेकीला सांगत होतात हो. माझी जीभच उचलली नाही.”

सुटलो असं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. जिच्यामुळे पंधरा वर्षं झोप उडाली, ती चूक कुठंच नोंदलेली नव्हती. ज्याचा मनातून अभिमान होता, तो शोधही तिथं नव्हता.

दगड घासून झाले. लाल किडे एकशे बारा, जळवा सात. पुढच्या, दोन शेपट्यांच्या अळीच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बाईंनी चष्मा पुसला, ट्रे स्वतःकडे ओढला आणि चिमट्यानं गाळाचा कण न् कण बाजूला सारत बराच वेळ शोधलं.

“नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या.

मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.