सकाळी सांग

आमच्या गाडीला लेक 'बाबांचं कपाट' म्हणते. म्हणते तीही फोटो पाहूनच, आत बसलेली नाही अजून. मालाची जुनी व्हॅन. तिच्या पोटात एक पलंग, दोन बर्नरची शेगडी, ओंजळीएवढं बेसिन, त्यावर आरसा आणि माझ्या देवांपुरती एक फळी. हे बसच्या डेपोत छत्तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर लोक आरामखुर्ची घेतात, यांनी ही घेतली.

लेकीकडे निघालो होतो. तिला नववा लागायला आठवडा होता. याआधी दोनदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर ती माझ्याशी फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलायची. म्हणून या खेपेला तिने गोड बातमी सांगितली, त्याच संध्याकाळी मी देवापुढे नेम धरला. दिवा लावला की सूर्य उगवेपर्यंत बोलायचं नाही, बाळ सुखरूप हातात येईपर्यंत.

द्यायचं तर आवडीचं द्यावं. खाण्यापिण्याची मला फारशी ओढ नाही, एखादा पदार्थ सोडला असता तर देवाला ते कळलंही नसतं. रात्रीचं बोलणं मात्र माझ्या जिवाचं होतं. भांडी आवरून, दिवे मालवून आडवं झाल्यावर यांनी डेपोतलं सांगायचं, मी गल्लीतलं. पस्तीस वर्षं आमचा संसार दिवसा दोन टोकांना आणि रात्री त्या एवढ्याशा बोलण्यात झाला. तेच मी देऊन टाकलं.

हे बोलके. गाडीचं इंजिन बंद होईल, यांचं तोंड नाही. सुरुवातीला रात्री काही विचारायचे, मग माझे हातवारे पाहायचे, अर्थ लागला नाही की म्हणायचे, "बरं, सकाळी सांग." पुढेपुढे हातवारे पाहायच्या आधीच म्हणू लागले. चष्मा सापडत नाही, सकाळी सांग. शेजाऱ्यांची टाकी वाहतेय, सकाळी सांग. सात महिन्यांत ते वाक्य उशीसारखं झालं होतं, डोकं टेकायच्या आधी ठेवायचं.

लेकीचं घर दीड खोलीचं. "जावयाच्या घरात पाय पसरायला नकोत," हे म्हणाले, "आपलं घर आपल्यासोबत. अंगणात लावू, बाळंतपण उरकून परत येऊ." वाट दोन दिवसांची, डोंगरावरून. मधली रात्र वरच काढायची होती.

गाडीतलं लाकूडकाम करणाऱ्या सुताराने गाडी ताब्यात देताना आम्हाला समोर उभं करून सांगितलं होतं, "काकू, थंडी कितीही पडू दे, छताची खिडकी चार बोटं आणि खालची झडप चार बोटं, उघडी ठेवायचीच. दोन माणसांच्या श्वासाचं रात्रभर पाणी होतं, ते बाहेर जायला हवं. आणि शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही." त्याच वेळी हे त्याच्या मदतनिसाला कुठल्याशा बसच्या रेडिएटरची गोष्ट सांगत होते. बोलणाऱ्याला ऐकू येत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

डोंगरावर पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग लावलेले होते. एक हॉटेल थंडीपुरतं बंद होतं. त्याच्या भिंतीच्या आडोशाला यांनी गाडी लावली. वारा अडला. मी दिवा लावला, नेमाचा जप केला, दिवा शांत केला. तेवढ्यात यांनी पुठ्ठे कापून काचांवर बसवले, गादीखाली वर्तमानपत्रांचे थर घातले, चालकाची जागा आणि आमचा पलंग यांच्यामधल्या लोखंडी पत्र्यावर जाड रजई टांगली. यांच्या हाताला कसब आहे, कामात असले की पाहत राहावं.

डिझेलवर चालणारा हीटर अर्धा तास चालला. त्याचा धूर नळीने बाहेर जातो, त्याची भीती नव्हती. मग तो टिकटिक करत बंद पडला. हे बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले, दाढीला बर्फ लावून परत आले.

"डिझेल गारठलंय. आता उद्याच बघायचं." मग माझ्याकडे पाहिलं. माझे दात वाजत होते. "थांब. डेपोत रात्रपाळीला आम्ही काय करायचो ठाऊक आहे? शेगडी बारीक ठेवायची, तिच्यावर लोखंडी तवा पालथा. तवा तापला की रात्रभर ऊब. एकालाही कधी सर्दी झाली नाही!"

झाली नसेलच. डेपोच्या त्या शेडला तीन बाजूंनी भिंतच नव्हती. छत्तीस वर्षं उघड्यावर काम केलेल्या माणसाला हवा कमी पडते हे कुठून सुचणार? पण हे मला नंतर उमगलं. तेव्हा मी फक्त पाहत होते. यांनी तवा पालथा घातला, बर्नर पेटवला, आणि मग छताच्या खिडकीत स्पंज कोंबला, पलंगाखालच्या झडपेत जुना टॉवेल.

"इथूनच वारं शिरतंय मघापासून."

मी चार बोटं दाखवली.

"चार गोधड्या? दोन पुरेत गं, आता ऊब आलीच बघ."

मी बाही ओढली आणि वर बोट केलं.

"हो, हो, त्याचंच लक्ष आहे सगळ्यांवर." मग यांनी टोपी कानांवर ओढली. "सकाळी सांग."

आणि मी सोडून दिलं. नेम आडवा आला, एवढंच म्हणणं सोपं आहे. पण ती ऊब मलाही बरी वाटली होती. पाय सैल झाले होते. मी मनात म्हटलं, घटकाभर राहू दे, मग मी उठून शेगडी बंद करीन. आणि डोळा लागला.

गालावर पाण्याचा थेंब पडला म्हणून जागी झाले. डोकं कुणी शिकंज्यात धरल्यासारखं. छत ओलं, भिंती ओल्या, आणि शेगडीची निळी ज्योत पिवळी होऊन तव्याला चाटत होती. सुताराचा शब्द न् शब्द आठवला. मी उठले तर तोल गेला. शेगडी बंद केली, पलंगावर चढून स्पंज उपसला.

हे जागे झाले. "कशाला उघडलंस? आजारी पडायचंय? लेकीकडे जाऊन तूच अंथरुणाला खिळलीस तर कोण कुणाचं करणार?" पुन्हा स्पंज कोंबला, पुन्हा काडी ओढली. मी नाकाकडे बोट दाखवलं, मान हलवली.

"वास येतोय? माझ्या मोज्यांचा असेल."

आरसा धुकटला होता. त्यावर मी बोटाने लिहिलं, 'हवा'. यांनी डोळे बारीक केले. "चष्मा नाहीये. राहू दे, सकाळी सांग."

मग हे पलंगाच्या कडेला बसले आणि पायमोजा हातात घालू लागले. तो कोपरापर्यंत जाईना म्हणून स्वतःशीच हसले. हसता हसताच यांचं डोकं रजईला टेकलं.

मी शेगडी बंद केली. स्पंज काढून फेकला. पण खालच्या झडपेतला टॉवेल पलंगाखाली, खोक्यांच्या मागे, आणि पलंगावर यांचं सगळं वजन. दाराकडे गेले. आमच्याच श्वासाचं पाणी दाराच्या रबरात जाऊन गोठलं होतं, दार तसूभर सरकेना. हातात जोर नव्हता. पुढे चालकाच्या जागेत जायला आतून वाट नाही. यांना हलवलं. चिमटा काढला. बेसिनमधलं गार पाणी तोंडावर मारलं. नेमात हे सगळं बसत होतं.

हे डोळे न उघडता म्हणाले, "सकाळी सांग गं."

एका बाजूला लेकीचं बाळ आणि एका बाजूला हे, असं तराजू धरून मी विचार केला, असं कुणी समजू नये. विचार करण्याइतकं डोकं चालतच नव्हतं. फक्त लेकीचा चेहरा आला, दुसऱ्या वेळेचा, दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवरचा. मनात म्हटलं, देवा, चुकलं तर माझ्या पदरात घाल, तिच्या नको. आणि तोंड उघडलं.

"अहो, उठा. सकाळ व्हायची नाही."

चिमट्याने न हललेला माणूस ताडकन उठून बसला. "कोण?" म्हणाला. आपल्या घरात रात्री बाईमाणसाचा आवाज म्हटल्यावर घाबरलाच तो.

"मी. दार उघडा. हवा कोंडलीय आत."

"तू बोलतेयस?"

"मग कोण बोलणार? उठा. मी तीन म्हणते, तेव्हा खांदा लावा."

तिसऱ्या खेपेला रबर फाटल्यासारखा आवाज झाला आणि दार सरकलं. थंडी भिंत कोसळावी तशी अंगावर आली. आम्ही पायरीवर बसलो, एका रजईत. यांना उलटी झाली. मी पाठ चोळत राहिले. कितीतरी वेळाने यांचा श्वास सारखा झाला.

"पोरीचं..." हे म्हणाले आणि थांबले.

"नका बोलू."

नेम तर मोडलाच होता. आता रात्रभर बोललो असतो तरी तेवढंच होतं. सात महिन्यांचं साठलेलं होतं. पण मी फक्त रजई यांच्या खांद्यांवर ओढून घेतली.

थंडीत किती बसणार? यांनी टॉवेल ओढून काढला. दार सताड उघडं ठेवून पाणी उकळलं, दोन रबरी पिशव्या भरल्या, शेगडी बंद केली. वर चार बोटं, खाली चार बोटं. दोन गोधड्या वेगवेगळ्या न घेता एकावर एक टाकून त्यात दोघं, पायांशी एक पिशवी, पोटाशी एक. कानटोप्या, दोन-दोन मोजे. नाकाचा शेंडा गार होता, पण भिंती कोरड्या होत्या. सगळी गाडी तापवायची काय गरज होती? ऊब अंगाजवळ असली की पुरते.

उजाडलं. उन्हाला नमस्कार करून मी विचारलं, "चहा टाकू?"

यांनी मान हलवली.

"डोकं दुखतंय अजून?"

नाही, अशी मान.

"मग बोला ना."

नाही. रात्रीचं ते डोक्यात तर गेलं नाही? खांदे धरून हलवलं. "बोला ना हो काहीतरी!" तेव्हा यांनी काचेवरचा एक पुठ्ठा काढला, खिशातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'सूर्य मावळेपर्यंत मी गप्प. तुझ्या मोडलेल्या रात्रीबद्दल.' खाली बारीक अक्षरात, 'चालतं ना?'

चालतं का ते मला कुठे ठाऊक होतं? एकाचा नेम दुसऱ्याने भरून काढावा, असं मी कधी ऐकलेलं नाही. "देवाला विचारायला हवं," मी म्हटलं. यांनी फळीकडे हात केला, म्हणजे विचार की.

ऊन वर आल्यावर गाडी सुरू झाली. घाट उतरून पेट्रोलपंपावर थांबलो. पंपावरच्याने विचारलं, "काका, किती?" यांनी दोन्ही हात वर-खाली करून टाकी भरायची खूण केली. त्याला वाटलं, हवा मारायचीय. तो नळी घेऊन चाकाकडे गेला.

"टाकी भरा हो," मी खिडकीतून ओरडले.

"काकांचा घसा बसलाय का?"

"घसा नाही, हट्ट."

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, बाबांना दे."

"बाबांचं आज मौन आहे."

"कुणाचं?" ती इतकी हसली की मग म्हणाली, "थांब, हसवू नकोस, आत लाथा बसतात." मी फोन कानाशी घट्ट धरला. लाथा बसतात म्हणाली, ते मी पुन्हा एकदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. रात्रीचं तिला सांगितलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले नसते.

मग वाट लांबली. मी काहीबाही बोलत होते. पूल आला, पूल म्हटलं. मेंढरं आली, मेंढरं म्हटलं. हे मान डोलवत. मध्येच यांनी पुढच्या चाकाकडे बोट करून काहीतरी सांगायचा खटाटोप केला, हात फिरवला, गाल फुगवले. मला उलगडेना. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा तोंडातून निघून गेलं, "संध्याकाळी सांगा."

ते मी माझ्याच कानांनी ऐकलं.

रात्रीचं बोलणं मी देवाला दिलं, तेव्हा ते माझं एकटीचं आहे असं धरून चालले होते. यांचा अर्धा वाटा त्यात होता. यांना न विचारता मी तो उचलून दिला, आणि या बोलक्या माणसाने सात महिने तक्रार म्हणून केली नाही. अंधारात पडून एकट्याने काय केलं असेल याने? 'सकाळी सांग' म्हणायचा आणि कूस वळायचा. मला वाटायचं, झोपला.

सूर्य मावळायला आला तेव्हा लेकीचं घर अजून तासभर लांब होतं. यांनी गाडी कडेला घेतली, माझ्या दिव्यासाठी. मी वात सारखी केली, काडेपेटी हातात घेतली. डोंगरामागे शेवटची लाल कड बुडाली. हे आत येऊन पलंगावर बसले, घसा खाकरला, माझ्या हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी काडेपेटी फळीवर ठेवली. यांच्या शेजारी बसले.

"बोला," म्हटलं.

"पुढच्या चाकात हवा कमी आहे," हे म्हणाले. आवाज घोगरा आला. "तो पंपवाला भरत होता, तर तूच हाकललंस त्याला."

"मला काय ठाऊक?"

"आणि डिझेलचा फिल्टर बदलायला हवा. आणि ती मेंढरं नव्हती, बकऱ्या होत्या."

"मेंढरंच होती."

"बकऱ्या! शेपट्या वर होत्या त्यांच्या."

मग पुलाचं निघालं, पंपावरच्या माणसाचं, बाळाला गाडीत झोळी कुठे बांधता येईल याचं. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. त्या दिवशी दिवा लावला तेव्हा बाहेर चांगलाच अंधार पडला होता.