पडवळाच्या रिकिबी

शेवंताबाईंनी मला प्रश्न विचारला आणि त्याच दिवशी माझ्या होडीचा डावा पायटेकू मोडला. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर फार जाऊ नये.

होडी म्हणजे खरं तर समुद्रात चालवायची कयाक. माझा पुतण्या सत्यजीत रांजणगावला एका कारखान्यात आहे. त्याचा परदेशी साहेब मायदेशी जाताना ती त्याला देऊन गेला. आमच्याकडून समुद्राला जायचं तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो, पण साहेबाला ते कुणी सांगितलं नसावं. सत्यजीतने ती गोठ्यात टांगली. लांबलचक, निमुळती, हिरवी आणि अंगावर पांढरे पट्टे, त्यामुळे गावाने तिचं नाव पडवळ ठेवलं. मी आयुष्य वाचनालयात काढलेला माणूस. होडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका मी सवयीने वाचली. वाचून झाल्यावर होडी पाण्यात घालून बघावी हे मला एरवी सुचलं नसतं. पण तेव्हाच पलीकडच्या काठावर शेवंताबाई राहायला आल्या होत्या.

आमचं गाव भीमेच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात. पलीकडचा काठ दौंडचा. मध्ये बंधाऱ्याने अडवलेलं रुंद, सुस्त पाणी आणि त्यावर जलपर्णीचे तुकडे. रस्त्याने जायचं तर पुलाचा वळसा घालावा लागतो, एसटी बदलावी लागते आणि प्रत्येक एसटीत कुणीतरी विचारतं, कुठं निघाला. पडवळात एकाच माणसाची जागा आहे. तिथे विचारायला कुणी नसतं.

शेवंताबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पती गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर त्या माहेरच्या शेतात आल्या, तिथे त्यांनी झेंडूच्या रोपांची नर्सरी काढली. दर रविवारी मी त्यांना एक पुस्तक नेऊन देतो आणि आधीचं परत आणतो. मग चहा होतो. पुस्तकाबद्दल आम्ही बोलतो, म्हणजे त्या बोलतात.

त्या रविवारी कपबशी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "चांगदेवराव, करिश्मा मला नाशिकला न्यायचं म्हणतेय. कायमचंच. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येईल. लेकीचं मन मोडवत नाही. तुम्ही सांगा, जाऊ का?"

मी म्हणालो, "दोन्ही बाजू आहेत."

"त्या मला माहीत आहेत. तुमची कोणती?"

"विचार करून सांगतो."

"रविवारपर्यंत करा. मी गाडीत बसल्यावर उपयोग नाही."

परतताना मी विचार करत होतो, आणि विचार करताना माझा पाय जोरात दाबला जातो. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात. आत दोन्ही बाजूंना एकेक पट्टी असते आणि तिच्यावर पायटेकू बसवलेला असतो. वल्हं मारताना त्या बाजूच्या पायाने टेकूला रेटा द्यायचा. रेटा नसेल तर वल्हं होडीला पुढे नेत नाही, माणसालाच आत ढकलतं. नदीच्या मध्यावर डावा टेकू कट्कन तुटला. उजवा जुनाच होता, तोही घसरू लागला. प्रत्येक वल्ह्याला मी थोडाथोडा आत जात राहिलो.

घाटावर बापूसाहेब बसले होते. ते साखर कारखान्याचे माजी संचालक, पण घाटावर अजून आजीच आहेत. ते म्हणाले, "नुसती टोपी दिसाया लागली तवा म्या म्हटलं, मास्तर बुडालं आन् पडवळ एकटंच घरी आलं."

मी कधीच मास्तर नव्हतो. पण हे त्यांना सांगायला मला तीस वर्षांत जमलेलं नाही.

सत्यजीतने मोबाइलवर नवे टेकू शोधून दिले. त्यात दोन प्रकार निघाले. एक घट्ट बसणारा, दुसरा सुकाणूसाठी हलणारा. पट्टी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची. शिवाय दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर किती, हा प्रश्न. मी फूटपट्टीने अंतर मोजलं. मग पुन्हा मोजलं, ते वेगळं आलं. पडवळाला सुकाणू नाही, तेव्हा घट्ट प्रकारच हवा हे उघड होतं. पण उद्या कुणी सुकाणू बसवलं तर? विकत घेणाऱ्यांचे अभिप्राय मी सगळे वाचले. एक गृहस्थ म्हणत होते की हे टेकू उत्तम आहेत, आणि खाली दुसरे म्हणत होते की पहिल्यावर विश्वास ठेवू नका.

बुधवारी सत्यजीत म्हणाला, "काका, आता मागवलं तरी सोमवारी येईल. मी दोन्ही मागवतो. तुम्ही पुढं वर्षभर निवडत बसा."

सोमवारी उपयोग नव्हता.

"माझ्या जीपनं जाऊ की," बापूसाहेब म्हणाले. "बाईंना काय सांगायचं ते मीच सांगतो."

बाईंना काय सांगायचं आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी पारावर चार माणसं मान डोलावत होती. बापूसाहेबांनी खरंच सांगितलं असतं, आणि चांगलं सांगितलं असतं. पण मग ते मत बापूसाहेबांचं झालं असतं. मी म्हणालो, "नको. मी एकटाच जाईन म्हणतो."

"मग रिकिबी पाहिजेत," ते म्हणाले. त्यांच्याकडे पूर्वी घोडा होता, त्यामुळे पाय ठेवायच्या कुठल्याही वस्तूला ते रिकीब म्हणतात. "महेंद्रकडं चला."

महेंद्र फाट्यावर ट्रॉल्या वेल्डिंग करतो. शनिवारी सकाळी पडवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही निघालो. ते मागून इतकं बाहेर आलं होतं की बापूसाहेबांनी त्याच्या टोकाला, उसाच्या गाडीला बांधतात तसं, लाल फडकं बांधलं. महेंद्रने ते दुकानासमोर मोकळ्या जागेत ठेवलं आणि म्हणाला, "बसा आप्पा. माणूस आत असल्याबिगर माप कळत न्हाई."

हायवेला लागून, कोरड्या जमिनीवर, हातात वल्हं घेऊन मी होडीत बसलो. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. एकाने काच खाली करून विचारलं, "चाचा, पानी कब आएगा?"

महेंद्रने आधी शिलाई मशीनची पायपट्टी आणली. ती दोन्ही पायांना पुरत होती, पण दाबली की झुलायची.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"हिच्यावर परकर शिवून हुतील, नदी वलांडून हुनार न्हाई," बापूसाहेब म्हणाले.

मग ट्रॅक्टरच्या क्लचचे दोन पेडल आले. ते इतके जड की पडवळाचं नाक मातीत रुतलं.

"आन् हे?"

"हेही बरं आहे."

मग एका जुन्या बुलेटचे, मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे, रबर लावलेले फूटरेस्ट आले. त्यांवर पाय ठेवताच ते मिटून बाजूला झाले.

"हे?"

"तसं बघायला गेलं तर..."

महेंद्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आप्पा, पोरगी बघाया गेला तवा पण असंच केलं व्हय तुम्ही?"

"म्हनून तर बिनलग्नाचं ऱ्हायलं," बापूसाहेब म्हणाले. "पोहे समद्यांकडचे बरे हायेत म्हनाले."

मी खाली बघितलं. बुलेटच्या रबराला माझ्या तळव्याचा आकार बरोबर बसत होता. मिटण्याचा दोष सोडला तर ते पायाला ओळखीचे वाटत होते. मी म्हणालो, "हे."

"काय?"

"हे घे. न मिटतील असं कर."

महेंद्रने बापूसाहेबांकडे पाहिलं, आणि मी मत बदलायच्या आत बिजागरीवर वेल्डिंगची ठिणगी पाडली. त्याने अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून जुन्या भोकांच्या मापाने भोकं पाडली. "ट्रॉलीत हिसक्यानं निसटतील, उद्या सकाळी घाटावरच बसवतो," असं म्हणून त्याने फूटरेस्ट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

इथवर सगळं ठीक होतं. चूक घरी झाली, आणि ती आमच्याकडे कुणाच्याही घरी झाली असती.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरात घेत नाहीत. पाण्याची मोटार असो, मिक्सर असो, सत्यजीतची आई, गीताबाई वहिनी, आधी हळदकुंकू वाहतात. कागदातलं काय आहे, हे त्यांनी विचारलं. मी "पडवळाचं नवं सामान" असं म्हणालो. संध्याकाळी बघतो तर फूटरेस्ट देवघरात पाटावर, त्यांच्यावर हळद, बोटबोटभर कुंकू, झेंडूची फुलं आणि पुढे फोडलेला नारळ. मी खोबरं खाल्लं. मला काहीही खटकलं नाही.

रविवारी सकाळी महेंद्रने घाटावर ते बसवले. कुंकवासकट. मी चपला काढल्या, पुस्तक पिशवीत घालून होडीत ठेवलं, आत बसलो आणि पाय पुढे केले.

"भाऊजी, पाय," वहिनी म्हणाल्या.

"काय झालं?"

"पुजलेल्या वस्तूला पाय लावताय व्हय?"

माझे पाय हवेत राहिले. मी त्या वस्तू पाय लावण्यासाठीच आणल्या होत्या, हे वहिनींच्याही आत्ताच लक्षात येत होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"त्यात काय," बापूसाहेब म्हणाले. "ट्रॅक्टरची पूजा हुती की. त्यो पायानंच चालतो."

"ट्रॅक्टरच्या बोनेटला कुंकू लावत्यात," महेंद्र म्हणाला. "क्लचला कोन लावतंय?"

"मग पुसून टाक."

"वाहिलेलं कुंकू ग्रीसच्या चिंधीनं पुसतोस?" वहिनी महेंद्रला म्हणाल्या. त्याने चिंधी खिशात घातली.

"पाय वर धरून जावा," बापूसाहेबांनी सुचवलं. मी धरले. पण वल्हं टेकवताच मी आत घसरलो.

पलीकडे करंजाखाली शेवंताबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक पांढरी गाडी होती आणि तिची डिकी उघडी होती. मला इतक्या लांबून एरवी काही दिसत नाही, पण डिकी दिसली.

मी बोललो. का बोललो ते माहीत नाही, कदाचित पाय दुखत होते म्हणून. "वहिनी, सकाळी उठल्यावर आपण आधी भुईला हात लावतो. आता तुझ्यावर पाय ठेवणार, माफ कर, असं म्हणतो. भुई तर रिकिबींपेक्षा मोठी. तिची पूजाही आपण करतो. म्हणून तिच्यावर चालायचं कुणी सोडलेलं नाही."

"हे पुस्तकातलं का तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"माझंच असावं."

"मग मागा माफी आन् जावा."

मी वाकून दोन्ही फूटरेस्टना हात लावला, तो कपाळाला लावला आणि पाय टेकवले. पडवळ सुटलं. बुलेटच्या रबराने असा रेटा घेतला की घाट मागे पळाला. पण एक गोष्ट ठरायची राहून गेली होती. माफी एकदा मागितलेली पुरते की प्रत्येक रेट्याला मागावी लागते? हात वल्ह्यात गुंतलेले. मी शंकेला जागा नको म्हणून दर रेट्याला मान झुकवू लागलो. डावा पाय, मान. उजवा पाय, मान. जलपर्णी ओलांडून, नदी ओलांडून, दौंडच्या काठापर्यंत.

शेवंताबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "जाऊ का विचारलं होतं. अर्ध्या नदीपासून हो, हो, हो चाललंय तुमचं. एवढं पटवून द्यायची गरज नव्हती."

"ते तुम्हाला नव्हतं," मी म्हणालो.

"मग कुणाला?"

"रिकिबींना." मी पाय दाखवायला उठलो आणि चिखलात उतरलो. "त्यांची पूजा झाली होती. वहिनींनी केली. मला ठाऊक नव्हतं, म्हणजे खोबरं खाल्लं मी, पण..."

"आणि मला काय उत्तर आहे?"

दोन्ही बाजू माझ्या जिभेवर आल्या. त्या नीट मांडलेल्या होत्या, आठवडाभर मांडल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"जाऊ नका. नाशिक चांगलंच आहे. पण जाऊ नका. रविवारी मी कुठे जाणार?"

त्यांनी होडीतल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुस्तक आणलंय का?"

आणलं होतं. आम्ही घराकडे गेलो. बाहेरच्या नळाखाली मी चिखल धुतला, पण होडीत साचलेल्या पाण्यात भिजून कुंकू तळव्यांत मुरलं होतं, ते निघालं नाही. त्यांच्या करड्या फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत माझी पावलं लालचुटुक उमटली. माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी बसलो होतो आणि परत जाऊन पुसायचं तर आणखी उमटली असती.

करिश्मा आतून आली. तिने दाराकडे पाहिलं, पावलांवरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आणली.

"आई, नवी सून आली की काय घरात?"

मी पाय खुर्चीखाली घेतले. तिथेही उमटले.

"फरशी पुसून घेते," करिश्मा म्हणाली.

"ते मग बघू," शेवंताबाई पुस्तक उघडत म्हणाल्या. "आधी माझी बॅग गाडीतून खाली काढ."

करिश्मा आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. बाहेर जाऊन तिने बॅग आणली. दारात येऊन थबकली. सरळ वाटेवर कुंकवाची पावलं होती आणि त्यांच्यावर पाय कसा द्यायचा. मग ती जड बॅग पोटाशी धरून, भिंतीला चिकटून, कडेकडेने आत गेली.